गुंडाळलेल्या केबलला 'अर्थ' आहे का?

शीर्षक वाचून हा साहित्य मंडळाचा लेख आहे असे समजून पान उलटू नका. इथला 'अर्थ' म्हणजे थ्री-पिन प्लगची ती सर्वांत जाड आणि लांब पिन, आणि तिला जोडलेली हिरवी-पिवळी तार. हॉस्टेलवर निम्मी जनता दोन पिनांच्या प्लगवर चार वर्षे काढते आणि कोणाला काही होत नाही. त्यामुळे ही तिसरी तार म्हणजे कंपनीने उगाच दिलेली शोभेची वस्तू, असा समज आपल्या डोक्यात पक्का बसतो. डिग्री घेऊन आपण बाहेर पडतो तेव्हा हा समजही बरोबर येतो.

रुग्णालयात मात्र हा समज महागात पडू शकतो. तिथल्या यंत्रांच्या केबली दिवसातून कितीतरी वेळा ओढल्या जातात, गुंडाळल्या जातात, ट्रॉलीच्या चाकाखाली येतात. हल्ली अनेक यंत्रांना आपोआप आत जाणारी केबल असते. व्हॅक्यूम क्लीनरचे बटण दाबले की वायर सर्रकन आत जाते ना, तीच युक्ती. दिसायला सुटसुटीत, पण केबल आत गेली म्हणजे ती नीट ठेवली गेली असे नव्हे. वैद्यकीय यंत्राची केबल कशी वापरायची, कशी गुंडाळायची आणि कशी तपासायची, याचा थोडा हिशोब आज मांडू. गणित बारावीचेच आहे, घाबरू नका.

ही रीळ भानगड आली कशासाठी?

आयसीयूतली एक खाट डोळ्यांसमोर आणा. उशाला मॉनिटर, बाजूला व्हेंटिलेटर, स्टँडवर दोन-तीन सिरिंज पंप, खाली सक्शन मशीन. प्रत्येकाची मेनची केबल वेगळी. शिवाय रुग्णाकडे जाणाऱ्या ईसीजीच्या लीड, बोटाला लावलेला ऑक्सिजनचा प्रोब, ब्लडप्रेशरच्या पट्ट्याची नळी. एवढ्या जंजाळातून सिस्टरने रात्री तीन वाजता धावत जायचे असते. पाय अडकला तर सिस्टर पडणार, नाहीतर यंत्र पडणार, नाहीतर रुग्णाची लीड ओढली जाणार.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला म्हणजे यंत्राच्या मागे दिलेला हुक. केबल हाताने गुंडाळायची आणि त्यावर अडकवायची. दुसरा, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी स्प्रिंगसारखी केबल. ओढली की लांब होते, सोडली की आखडते. आणि तिसरा म्हणजे रीळ. फिरत्या यंत्रांवर, म्हणजे वॉर्डावॉर्डांतून ढकलत न्यायच्या यंत्रांवर, हा उपाय सोयीचा पडतो.

रिळाच्या पोटात तीन गोष्टी असतात. एक, घड्याळाच्या चावीसारखी चपटी स्प्रिंग. केबल ओढताना तुम्ही तिच्यात ऊर्जा भरता, बटण दाबले की ती परत मिळते. दोन, रॅचेट. हवी तेवढी लांबी बाहेर काढल्यावर केबल तिथेच थांबवणारी दातेरी चकती. तीन, स्लिप रिंग. रीळ गरगर फिरते पण यंत्र तर जागेवर असते, मग फिरत्या केबलमधून स्थिर यंत्रात वीज जाणार कशी? त्यासाठी पितळी कड्या आणि त्यांना टेकून असलेले ब्रश किंवा पट्ट्या लागतात. मेकॅनिकलवाल्यांना स्प्रिंग दिसते, इलेक्ट्रिकलवाल्यांना स्लिप रिंग. गंमत म्हणजे अर्थची तारसुद्धा या घासत्या जोडातूनच यंत्राच्या पत्र्यापर्यंत पोचते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तार तुटते ती कशी?

लवचीक केबलच्या आत एकच जाड तार नसते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण ०.२ मिलिमीटर व्यासाच्या २४ बारीक तारा असतात. असे का? समजा केबल २० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली. तार वाकली की तिच्या बाहेरच्या बाजूला पडणारा ताण म्हणजे तारेची त्रिज्या भागिले वाकाची त्रिज्या. ०.२ मिलिमीटरच्या तारेसाठी ०.१ भागिले २०, म्हणजे ०.५ टक्के. तेवढेच तांबे एकाच भरीव तारेत भरले तर तिचा व्यास जवळजवळ १ मिलिमीटर होतो आणि ताण अडीच टक्क्यांच्या घरात जातो. ती तार थोड्याच वाकांत तुटेल. बारीक तारा एकमेकींवरून सरकतात म्हणून टिकतात.

पण टिकतात म्हणजे अमर नसतात. वाकाची त्रिज्या निम्मी केली की ताण दुप्पट होतो. आणि फटीग हा विषय ज्यांनी मेटलर्जीत वाचलाय (किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री चाळलाय) त्यांना ठाऊक आहे की ताण दुप्पट झाला की आयुष्य निम्म्यावर येत नाही, त्याहून खूपच खाली येते. म्हणून केबल तुटते ती मधोमध नव्हे, तर जिथे वाक तीव्र असतो तिथे. प्लगच्या मानेशी, यंत्रात शिरते त्या तोंडाशी, आणि रिळाच्या गाभ्यापाशी. प्लगच्या मानेला असलेला रबरी खाचांचा पाइप शोभेचा नाही, वाक एका जागी न होता सावकाश व्हावा म्हणून तो असतो. तो फाटला असेल तर केबलचे आयुष्य मोजायला घ्या.

घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५-१ या मानकात आपोआप गुंडाळणाऱ्या रिळाची चाचणी आहे. त्यात केबल ६,००० वेळा ओढून परत सोडतात. आकडा मोठा वाटतो. पण वॉर्डात दिवसाला दहा वेळा ओढली तर ६,००० चा आकडा वीस महिन्यांत पुरा होतो. यंत्र दहा वर्षे वापरायचे असते!

तुटली तर कळते का?

केबलमध्ये तीन तारा. लाइव्ह तुटली तर यंत्र बंद पडते. न्यूट्रल तुटली तरी बंद पडते. सिस्टर लगेच फोन करतात, तंत्रज्ञ येतो, केबल बदलली जाते. आणि अर्थ तुटली तर? काहीच होत नाही. यंत्र चालू, दिवे चालू, स्क्रीनवर आलेख सुरळीत. तक्रार करायला कोणी नाही. दिवस जातात, महिने जातात.

हाच या लेखाचा मुद्दा आहे. केबल चुकीची गुंडाळल्याने तिन्ही तारांचे आयुष्य कमी होते. दोन तारा मरताना ओरडतात, तिसरी गुपचूप जाते.

मायक्रोअँपिअरचा हिशोब

यंत्राच्या आत लाइव्ह आणि पत्रा यांच्यामध्ये थोडी धारिता असतेच, काही फिल्टरने मुद्दाम घातलेली, काही आपसूक आलेली. ती ४.७ नॅनोफॅरड धरू. प्रवाह = २ × ३.१४ × ५० × ४.७ नॅनोफॅरड × २३०. उत्तर येते सुमारे ३४० मायक्रोअँपिअर. याला गळतीचा प्रवाह म्हणतात. यंत्र नवे असो की जुने, तो असतोच.

अर्थ शाबूत असेल तर हा प्रवाह ०.२ ओहमच्या तारेतून जमिनीत जातो. पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाचा रोध १,००० ओहम धरला तर त्याच्या वाट्याला पाच हजारावा हिस्सा, म्हणजे ०.०७ मायक्रोअँपिअरच्या आसपास. विसरून जा.

अर्थ तुटली असेल तर? धारितेचा अडथळा ६ लाख ७७ हजार ओहम, त्यापुढे माणसाचे हजार ओहम म्हणजे दर्यामे खसखस. पूर्ण ३४० मायक्रोअँपिअर माणसातून जाणार. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. पण समजा, सिस्टरचा एक हात यंत्राच्या पत्र्यावर आहे आणि दुसरा हात रुग्णाच्या हृदयात बसवलेल्या तात्पुरत्या पेसिंग वायरच्या उघड्या टोकाला लागला. सिस्टरला काही कळणार नाही. प्रवाह मात्र कातडीचा अडथळा टाळून थेट हृदयात गेला. याला मायक्रोशॉक म्हणतात. वैद्यकीय यंत्रांच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात, हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ प्रकारच्या भागातून रुग्णात जाणाऱ्या गळतीची मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एक दोष असताना ५० मायक्रोअँपिअर आहे. आपला आकडा ३४०. फरक तुम्हीच बघा.

आता 'एक दोष असताना' या शब्दांकडे लक्ष द्या. मानक म्हणते की यंत्रात कोणताही एक दोष आला तरी ते सुरक्षित राहिले पाहिजे. अर्थची तार तुटणे हा असाच एक दोष. म्हणजे ही एटीकेटीसारखी सवलत आहे. एक विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येते, पण तो राहिलाय हे ठाऊक पाहिजे आणि लवकर सोडवलाही पाहिजे. अर्थ तुटलेली असूनही कोणाला पत्ता नसेल, तर ती सवलत आपण आधीच वापरून बसलो आहोत. आता आतमध्ये लाइव्ह तार पत्र्याला चिकटली, तर तो दुसरा दोष. मग यंत्राच्या अंगावर २३० व्होल्ट, आणि एमसीबी पडायचे नाव नाही.

मल्टिमीटरने 'बीप' केले म्हणजे झाले?

प्रॅक्टिकलला आपण काय करतो? एक टोक अर्थच्या पिनला, दुसरे पत्र्याला, मीटर बीप करतो, 'ओके सर!' म्हणून मोकळे. आता बघा. २४ पैकी २३ तारा एका जागी तुटल्या आणि ५ मिलिमीटर लांबीत एकच शिल्लक राहिली. त्या तुकड्याचा रोध येतो ०.००३ ओहमहूनही कमी. आपला मल्टिमीटर ०.१ ओहमच्या खाली बघूच शकत नाही. तो आनंदाने बीप करणार.

पण वेळ आली तर ती एक तार काय करेल? मोकळ्या हवेतली ०.२ मिलिमीटरची लांब तांब्याची तार साधारण ७ अँपिअरला वितळते. आपला तुकडा छोटा, दोन्ही बाजूंचे तांबे उष्णता ओढून घेणार, म्हणून तो थोडे अधिक सहन करेल. मात्र लाइव्ह पत्र्याला चिकटली आणि वाटेतला एकूण रोध १ ओहम असेल तर प्रवाह २३० अँपिअर. एमसीबी पडण्याआधीच ती तार एक-दोन मिलिसेकंदांत वितळू शकते. म्हणजे ज्या क्षणासाठी तिला ठेवले, त्याच क्षणी ती नाही.

म्हणून खरी चाचणी वेगळी असते. यंत्र तयार होताना आयईसी ६०६०१-१ नुसार कमीत कमी २५ अँपिअर प्रवाह ५ ते १० सेकंद सोडून अर्थचा रोध मोजतात. केबल यंत्रालाच कायमची जोडलेली असेल तर प्लगच्या अर्थपिनपासून पत्र्यापर्यंत तो ०.२ ओहमच्या आत हवा. वापरातल्या यंत्रांची वेळोवेळी तपासणी करण्यासाठी आयईसी ६२३५३ हे वेगळे मानक आहे. त्यात निदान २०० मिलिअँपिअरचा प्रवाह लागतो, केबल धरून मर्यादा ०.३ ओहम असते, आणि मोजताना केबल तिच्या सबंध लांबीत वाकवून बघायची असते. हे वाकवणे महत्त्वाचे. तुटकी टोके एकमेकांना टेकून बसलेली असतात, केबल हलवली की आकडा नाचायला लागतो. नाचणारा आकडा म्हणजे नापास, मग तो मर्यादेत असला तरीही.

इथे रिळाचा प्रश्न परत येतो. १ चौरस मिलिमीटरची १० मीटर तांब्याची तार म्हणजे ०.१७ ओहम. मर्यादा ०.२. राहिले काय, ०.०३ ओहम. त्यात स्लिप रिंग, ब्रश, स्क्रू सगळे बसवायचे! ब्रशवर धूळ बसली, कडी काळी पडली की संपले. म्हणून लांब केबलच्या रिळात जाड तार घ्यावी लागते. १.५ चौरस मिलिमीटर घेतली तर तेच ०.११५ ओहम होते आणि श्वास घ्यायला जागा मिळते. रिळाची तपासणी करताना केबल पूर्ण बाहेर काढून एकदा आणि थोडी आत ठेवून एकदा, अशी दोनदा मोजावी. फिरताना आकडा उड्या मारत असेल तर दोष स्लिप रिंगमध्ये शोधा.

रीळ तापते

१० मीटर केबलमध्ये जाणारी आणि येणारी मिळून २० मीटर तार. १ चौरस मिलिमीटरला रोध ०.३४ ओहम. १ अँपिअरला उष्णता फक्त ०.३४ वॉट. मॉनिटर, सिरिंज पंप असल्या यंत्रांना काळजी नाही. पण १० अँपिअर घेणाऱ्या यंत्राला ३४ वॉट. प्रवाह दहापट, उष्णता शंभरपट. केबल जमिनीवर पसरलेली असेल तर हवा ती घेऊन जाते. तीच बंद डबीत थरावर थर गुंडाळलेली असेल तर आतल्या थराची उष्णता जाणार कुठे? साध्या पीव्हीसीची मजल ७० अंश सेल्सिअसपर्यंत. त्यापुढे ते मऊ पडते, तारा एकमेकींकडे सरकतात.

म्हणून बऱ्याच रिळांवर दोन आकडे छापलेले असतात. गुंडाळलेली असताना किती वॉट, पूर्ण उलगडलेली असताना किती वॉट. गॅदरिंगला स्टेजच्या लाइट लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. जास्त भार असेल तर केबल पूर्ण काढा आणि उरलेली लांबी खाटेच्या डोक्याकडे, चालण्याच्या वाटेबाहेर सोडा.

हाताने गुंडाळायची तर कशी?

रीळ सगळ्या यंत्रांना नसते. बहुतेक ठिकाणी हुक आणि आपला हात. आपण काय करतो? तळहात आणि कोपर यांच्याभोवती सपासप वेढे. आई कपड्याची दोरी गुंडाळते तसे. दोरीला चालते, केबलला नाही. प्रत्येक वेढ्याबरोबर केबलला एक पूर्ण पीळ बसतो. दहा वेढे, दहा पीळ. उलगडताना ते सुटत नाहीत, मग गाठी पडतात आणि आतल्या तारा नागमोडी होतात.

योग्य पद्धत साउंडवाल्यांकडून शिका. पहिला वेढा नेहमीसारखा, वरून. दुसऱ्या वेढ्याला मनगट उलटे फिरवून केबल आतल्या बाजूने घ्यायची. परत पहिला, परत दुसरा. एका वेढ्याने दिलेला पीळ पुढचा वेढा काढून घेतो. माइकची केबल फेकली की सरळ उलगडते ती याच कारणाने. सुरुवातीला हात अडखळतो, पाच-दहा वेळा केले की जमते. वेढा निदान ताटाएवढा ठेवा, वाटीएवढा नको. आवळून बांधायला नायलॉनचा टाय वापरू नका, कापडी चिकटपट्टा पुरतो. आणि गरम यंत्राभोवती किंवा हँडलभोवती केबल कधीच करकचून आवळू नका.

रुग्णाकडच्या केबली

या आणखी नाजूक. सोनोग्राफीच्या प्रोबच्या केबलमध्ये केसासारख्या बारीक शंभराहून अधिक तारा असू शकतात. काही तुटल्या की चित्रात काळ्या रेघा येतात. ती केबल चाकाखाली जाऊ देऊ नये, तिला गाठ पडू देऊ नये, प्रोब केबलला धरून उचलू नये. एंडोस्कोपच्या प्रकाशाच्या केबलमध्ये तर तांबे नाहीच, काचेचे तंतू. तिची तपासणी सोपी. एक टोक ट्यूबलाइटकडे धरा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा. काळे ठिपके दिसले तर तेवढे तंतू तुटले. (यंत्राच्या प्रकाशझोतात मात्र डोळा घालू नका.)

वॉर्डात लावण्यासारखी यादी

१. केबल आत सोडण्याआधी ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. रक्त, सलाइन, जंतुनाशक जे बाहेर लागले ते रिळाबरोबर आत जाते, आणि आत हात पोचत नाही.

२. पुसायला निर्मात्याने सांगितलेलेच द्रव्य घ्या. अल्कोहोलने वारंवार पुसलेले पीव्हीसी कडक होते, कडक केबलला चिरा पडतात.

३. सोडताना प्लग हातात धरून बरोबर न्या. मोकळा सोडला तर तो चाबकासारखा फिरतो.

४. केबलवर पिवळी आणि लाल खूण असेल तर पिवळी दिसली की थांबा. लाल म्हणजे आता ओढ थेट आतल्या जोडावर बसणार.

५. चिरलेल्या केबलला चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. पट्टी रिळात अडकते आणि चीर झाकते. केबल बदला.

६. प्लग नव्याने बसवताना आत अर्थची तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवा. ओढ बसलीच तर ती सर्वांत शेवटी निघेल.

७. रीळ स्वतः उघडू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट जाईल. हे वाक्य प्रोजेक्टवाल्यांनी दोनदा वाचावे.

८. यंत्राच्या नोंदवहीत अर्थचा रोध तारखेसह लिहा. ०.११, ०.१२, ०.१९ असा चढता आकडा पुढे काय होणार ते आधीच सांगतो.

यादीतली बहुतेक कामे इंजिनिअर करत नाही. ती सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशी करतात. त्यांना 'असं करू नका' एवढेच सांगून भागत नाही, का नको ते सांगावे लागते. 'केबल मोडली की ओरडा पडतो' हे त्यांना माहीत आहे. 'केबल मोडली तरी यंत्र चालूच राहतं आणि तोच धोका आहे' हे आपण सांगायचे.

शेवटी तिसऱ्या वर्षाच्या मंडळींसाठी एक सूचना. मिनी प्रोजेक्टचा विषय शोधत फिरता ना? जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचे रीळ भंगारवाल्याकडे मिळते. ते न उघडता, मेनला न जोडता घ्या. लॅबच्या कमी व्होल्टेजच्या सप्लायवरून केबलच्या एका तारेत काही अँपिअर सोडा, दोन टोकांवरचा व्होल्टेज मोजा आणि रोध काढा. मग केबल शंभर वेळा ओढा, परत मोजा. पुन्हा शंभर वेळा, पुन्हा मोजा. रॅचेटच्या आवाजाने शेजारची खोली वैतागेल, पण आलेख काढून लॅबच्या सरांना दाखवा. ग्राफ पेपरवर तुमच्या हाताने काढलेली ती रेघ या लेखापेक्षा जास्त शिकवेल.